भिंत ताउलला, चित्रं बार्सिलोनाला: एका रोमनेस्क चर्चचं प्रकरण

वारसा जतनाचं पहिलं तत्त्व आज कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवलं जातं: वस्तू जिथे आहे तिथेच जपा. हे तत्त्व बाजूला सारून १९१९ ते १९२३ या काळात स्पेनच्या पिरिनीज पर्वतात एक मोठं काम झालं. रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या मध्ययुगीन शैलीतल्या, चर्चच्या भिंतींवरची चित्रं कापडावर उतरवून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेली गेली. त्यातलं सर्वांत गाजलेलं चर्च म्हणजे ताउल या खेड्यातलं सान्त क्लिमेंत. हा निर्णय त्या घडीला योग्यच होता असं माझं मत आहे. त्याची किंमत चर्चला मोजावी लागली, आणि त्या किमतीतला बराचसा भाग टाळता आला असता, हेही तितकंच खरं. या प्रकरणातले गावकरी, पाद्री आणि दलाल यांची नावं इथे दिलेली नाहीत. सार्वजनिक नोंदीतली मोजकी नावं तेवढी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

ताउल हे कॅटलोनियातल्या बोई खोऱ्यातलं, सुमारे १,५०० मीटर उंचीवरचं गाव. १० डिसेंबर ११२३ रोजी रोडाचे बिशप रामोन यांनी सान्त क्लिमेंत चर्चची प्रतिष्ठापना केली. तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण तिची लॅटिन नोंद चर्चच्याच एका खांबावर रंगाने लिहिलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्याच गावातल्या सांता मारिया चर्चचीही प्रतिष्ठापना झाली. डोंगरातल्या एवढ्याशा गावात लागोपाठ दोन दिवसांत दोन चर्च, म्हणजे पैसा आला कुठून? खोऱ्यावर एरिल या सरदार घराण्याची सत्ता होती. आरागोनच्या राजांच्या बाजूने दक्षिणेतल्या मुस्लिम सत्तांविरुद्ध ते लढले आणि लुटीतला वाटा त्यांनी या बांधकामांत घातला, असं इतिहासकार मानतात.

वास्तू साधी आहे, पण विचारपूर्वक बांधलेली आहे. आत तीन दालनं आणि त्यांच्यामध्ये दगडी गोल खांबांच्या रांगा. वर दगडी घुमट किंवा कमानछत नाही, उतरतं लाकडी छप्पर आहे. छताचं ओझं कमी असल्यामुळे खांब त्या मानाने सडपातळ राहिले आणि आतली जागा मोकळी वाटते. पूर्वेकडे प्रत्येक दालनाच्या टोकाला भिंत बाहेरच्या बाजूला अर्धगोल वळते. या अर्धगोलाला अप्स म्हणतात, आणि मधल्या अप्सपुढे मुख्य वेदी असते. बाहेरून या अर्धगोलांवर बारीक आंधळ्या कमानींची झालर आहे आणि अधूनमधून उभ्या सपाट पट्ट्या आहेत. ही उत्तर इटलीतल्या लोम्बार्ड गवंड्यांकडून आलेली रीत. शेजारी जवळजवळ सुटाच उभा असलेला चौकोनी घंटामनोरा, पायथ्यावर सहा मजल्यांचा. खोऱ्यात कुठूनही आधी नजरेस पडतो तो हाच.

रोमनेस्क बांधणीत भार सगळा भिंतीवर असतो. भिंत जाड आणि खिडकी लहान. पुढे गॉथिक शैलीने भार खांबांवर आणि बाहेरच्या टेकूंवर टाकला, भिंतीच्या जागी रंगीत काचा आणल्या, आणि मोठी भित्तिचित्रं रंगवायला उत्तर युरोपात जागाच उरली नाही. म्हणून रोमनेस्क चर्चमधलं चित्र हे वास्तूवर चढवलेलं आभूषण नसतं. त्या जाड, अंधाऱ्या, जवळपास खिडकीविना असलेल्या भिंतीला बोलतं करायचं काम चित्राकडे असतं.

सान्त क्लिमेंतच्या मधल्या अप्समध्ये हे काम करणाऱ्या चित्रकाराचं नाव कुणालाच माहीत नाही. तो ‘ताउलचा आचार्य’ म्हणून ओळखला जातो. अर्धघुमटात बदामी आकाराच्या प्रभावळीत ख्रिस्त बसलेला आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात उघडं पुस्तक, त्यावर लॅटिन शब्द: ‘मीच जगाचा प्रकाश आहे’. दोन्ही खांद्यांशी अल्फा आणि ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, लटकलेले. चेहरा लांबट आणि काटेकोर सममितीचा. भुवया, नाक, मिशा, दाढीच्या बटा सगळं रेषांच्या शिस्तीत. निळ्यासाठी पिरिनीजमध्येच सापडणारं एरिनाइट हे खनिज वापरलेलं. खालच्या पट्ट्यात मेरी आणि प्रेषित. वेदीसमोरच्या कमानीवर सात डोळ्यांचं कोकरू, आणि श्रीमंताच्या दाराशी पडलेला, कुत्रा ज्याच्या जखमा चाटतो आहे असा लाजर.

पण हे सगळं वाकलेल्या पृष्ठभागावर, खालून वर बघणाऱ्यासाठी रंगवलेलं आहे. अर्धघुमट पुढे झुकतो, त्यामुळे ख्रिस्तही बघणाऱ्याच्या अंगावर झुकतो. अप्सच्या मधोमध एक अरुंद खिडकी आहे. सकाळचा पूर्वेचा उजेड त्या फटीतून, बरोबर ख्रिस्ताच्या खालून आत येतो. ‘जगाचा प्रकाश’ हे शब्द चित्रकाराने कुठे लिहिले आहेत, हे त्या खिडकीसकट पाहिल्याशिवाय पुरतं उमगत नाही.

पेच

पुढच्या शतकांत खोरं गरीब आणि आडबाजूचं राहिलं. नवं चर्च बांधायला पैसे नव्हते, म्हणून जुनी टिकली. मुख्य अप्सपुढे नंतरच्या काळातला मोठा लाकडी वेदीपट उभा राहिला आणि चित्रांचा बराच भाग त्याच्यामागे झाकला गेला.

१९०७ मध्ये बार्सिलोनात नुकत्याच स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट दे स्तुदिस कातालान्स या संस्थेने वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखाली पिरिनीजमध्ये एक मोहीम पाठवली. त्यांनी चर्चची मापं घेतली, छायाचित्रं काढली. मग संस्थेने चित्रांच्या रंगीत प्रतिकृती करून घेतल्या आणि भागाभागांनी छापायला सुरुवात केली. हेतू अभ्यासाचा होता. पण छापलेली पानं अभ्यासकांपुरती थोडीच राहतात! कुठल्या खेड्यात, कुठल्या भिंतीवर काय आहे, याची जणू यादीच कलावस्तूंच्या बाजाराच्या हाती पडली. याच सुमारास अमेरिकन संग्रहालयं आणि श्रीमंत संग्राहक मध्ययुगीन युरोपची खरेदी जोरात करत होते.

१९१९ मध्ये धोक्याची घंटा वाजली. सांता मारिया दे मुर या चर्चच्या अप्समधली चित्रं इटालियन कारागीर भिंतीवरून उतरवत असल्याची खबर बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाला लागली. चित्रं व्यापाऱ्यांनी चर्चकडून रीतसर विकत घेतली होती. थांबवायला कायद्याचा आधार पुरेसा नव्हता. १९२१ मध्ये ती बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात पोहोचली आणि आजही तिथेच आहेत. अजिंठ्याच्या भिंतीवरून निघालेला चित्राचा एक तुकडाही याच संग्रहालयात आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असलेलं बरं. मुरनंतर व्यापाऱ्यांची नजर बोई खोऱ्यातल्या चर्चवरही आहे, हे उघड झालं.

मंडळाच्या संग्रहालयाचं काम तेव्हा जुआकिम फोल्क इ तोरेस पाहत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता: चित्रं कुणाच्याही मालकीची होऊ शकतात, ती काही दिवसांत उतरवता येतात, आणि आपल्या हातात ना कायदा आहे ना वेळ.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, चित्रं जागेवर ठेवून कायदेशीर संरक्षण मिळवणं. आजच्या नजरेला हाच योग्य वाटतो. पण त्या काळातल्या स्पेनमध्ये हे संरक्षण किती पातळ होतं, हे सोरिया प्रांतातल्या सान बाउदेलियो दे बेर्लांगा या चर्चवरून दिसतं. ते १९१७ मध्येच राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं होतं. तरी १९२२ मध्ये त्यातली चित्रं विकली गेली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अखेर १९२६ मध्ये चित्रं उतरवून अमेरिकेला नेली गेली. ताउलची चित्रं जागेवर ठेवून कायद्याच्या भरवशावर बसलं असतं, तर असंच काहीसं घडण्याची भीती अगदी खरी होती.

दुसरा, उत्तम प्रती आणि छायाचित्रं करून मूळ चित्रांना नशिबावर सोडणं. हा पर्याय फार विचारात घेण्यासारखा नव्हता.

तिसरा, मंडळानेच चित्रं विकत घेऊन, उतरवून बार्सिलोनाला नेणं. यात बाजाराचा धोका कायमचा संपत होता. शिवाय कॅटलन अस्मितेच्या त्या काळात, राष्ट्राचं मध्ययुग एका छताखाली दाखवणारं संग्रहालय ही फार मोठी ओढ होती. या निर्णयामागे केवळ बचावाची घाई नव्हती, ही ओढही होती. ती वाईट होती असं नाही, पण निर्णयाचं मोजमाप करताना तिला धरायलाच हवं.

चौथा, चित्रं उतरवून खोऱ्यातच किंवा जवळच्या बिशपच्या गावी सुरक्षित जागी ठेवणं, आणि परिस्थिती निवळली की भिंतीवर परत बसवणं. हा मार्ग अवघड होता. खोऱ्यात तशी इमारत नव्हती, माणसं नव्हती, धड रस्ताही नव्हता. पण ‘परत बसवणं’ हा शब्द त्या व्यवहारात कुठेच नव्हता, आणि माझ्या मते या प्रकरणातली खरी गाठ इथेच पडली.

काय केलं

मंडळाने तिसरा पर्याय निवडला. पण कॅटलोनियात भिंतीवरून चित्र उतरवण्याचं तंत्र येणारं कुणी नव्हतं. ते कसब उत्तर इटलीतल्या बेर्गामोच्या कारागिरांकडे होतं. मुरला व्यापाऱ्यांसाठी काम केलेला फ्रांको स्तेफानोनी आणि त्याचे साथीदार तिथलेच. मंडळाने त्यांनाच कामाला लावलं.

हा निर्णय पुष्कळांना खटकतो. मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. समोरच्याकडचा हात आपल्याकडे आला, शिवाय शिकाऊ हातांनी चित्रांवर प्रयोग होण्याचा धोका टळला. संग्रहालयाचे जतनकार एमिली गांदिया डोंगरात राहून कामावर देखरेख करत होते. खरेदीचे व्यवहार चर्चशी बोलून, फारसा गाजावाजा न करता पार पडले.

तंत्राचं नाव स्त्राप्पो. आधी चित्र साफ करायचं. मग प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेला गरम सरस चित्रावर लावून त्यावर सुती कापडाचे तुकडे एकावर एक चिकटवायचे. सरस वाळायला लागला की खळ दिलेल्या कापडासारखा आक्रसतो आणि आपल्याबरोबर रंगाचा वरचा पापुद्रा ओढायला लागतो. मग कारागीर खालच्या कडेपासून कापड हलके ओढत, अडेल तिथे पातळ पात्याने सोडवत वर जातो. भिंतीचा गिलावा जागेवरच राहतो. कापडाला उलट्या बाजूने चिकटून येतो तो केवळ रंग आणि त्याखालचा चुन्याचा अगदी पातळ थर. ही कापडं गुंडाळून खेचरांच्या पाठीवरून खोऱ्याबाहेर आणि पुढे बार्सिलोनाला गेली. तिथे पापुद्र्याची मागची बाजू घासून सारखी केली, चुना आणि दुधातलं केसिन यांच्या चिकीने त्यावर नवं कापड चिकटवलं, आणि मग पुढच्या बाजूचा सरस गरम पाण्याने विरघळवून मूळ कापड सोडवलं. चित्र पुन्हा सुलटं दिसू लागलं, पण आता ते भिंतीवर नव्हतं. अप्सचा बाक साधायला वाकवलेल्या लाकडी चौकटी केल्या होत्या, त्यावर ते ताणून बसवलं.

इथे एक तुलना टाळता येत नाही. त्याच वर्षांत, १९२० ते १९२२ मध्ये, हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन जतनकारांना अजिंठ्याला बोलावलं होतं. अजिंठ्याचं चित्र ओल्या चुन्यावरचं नाही, माती-भुशाच्या गिलाव्यावरचं आहे, आणि गिलावाच जागोजागी सुटत होता. त्यांनी तो जागेवर पक्का केला आणि रंगांवर लाखेचा थर दिला. पुढे ती लाख पिवळी-तपकिरी पडली आणि ती काढण्याचं काम पुरातत्त्व खात्याला कित्येक वर्षं पुरलं. म्हणजे जागेवर ठेवलेलं चित्र आपोआप बचावतं असं नाही. पण अजिंठ्याची लेणी आणि चित्रं आज एकत्र पाहता येतात, ताउलला ते येत नाही.

पुढे काय झालं

१९२४ मध्ये बार्सिलोनाच्या सिउतादेया उद्यानातल्या संग्रहालयात ही चित्रं लोकांसाठी खुली झाली. १९३४ मध्ये ती मोंजुइक टेकडीवरच्या पालाउ नासिओनाल या इमारतीत गेली. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि कॅटलोनियात चर्च जाळली जाऊ लागली. संग्रह ओलोत या गावी हलवला गेला आणि १९३७ मध्ये त्यातला काही भाग पॅरिसच्या प्रदर्शनात गेला. युद्धानंतर सगळं परत आलं. रोमनेस्क भित्तिचित्रांचा असा संग्रह जगात दुसरा नाही. विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी तो ख्रिस्ताचा चेहरा पाहिला, ताउलपर्यंत न जाता पाहिला, हेही या निर्णयाचंच फळ.

चर्चचं काय? अप्स उघडा पडला. १९६०च्या सुमारास त्यात ख्रिस्ताची रंगवलेली प्रतिकृती बसवण्यात आली. भाविकांची आणि पर्यटकांची सोय झाली, पण प्रतिकृतीखाली मूळ भिंत झाकली गेली. २००० मध्ये बोई खोऱ्यातली ९ चर्च युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. ज्या वास्तूंचा मानाचा ठेवा दुसरीकडे आहे, त्यांना केवळ बांधणीच्या बळावर हा मान मिळाला, ही ताउलसाठी फार मोठी गोष्ट होती.

मग पुढचा निर्णय आला, आणि तो मला मनापासून आवडतो. जुनी प्रतिकृती काढून टाकण्यात आली. तिच्यामागे भिंतीवर स्त्राप्पोतून मागे राहिलेले मूळ रंगाचे भाग होते. ते स्वच्छ करून पक्के करण्यात आले. त्यात बायबलमधल्या काइन आणि हाबेल या भावांच्या कथेचाही अंश आहे. २०१३ पासून त्या भिंतीवर प्रकाशाने चित्र उमटवलं जातं. अंधारात आधी रेषा दिसतात, मग रंग भरत जातो, आणि सुमारे १० मिनिटांत ११२३ सालचा अप्स जसा दिसत असावा तसा समोर उभा राहतो. मग प्रक्षेपण थांबतं आणि उरते ती खरी भिंत, खऱ्या रंगाच्या ठिगळांसह. भिंतीला कशाचाही स्पर्श होत नाही, आणि उद्या याहून चांगला मार्ग सापडला तर यंत्र उचलून नेलं की झालं. हीच गोष्ट रंगवलेल्या प्रतिकृतीबद्दल म्हणता येत नव्हती.

निर्णयांकडे परत पाहताना

पहिला टप्पा १९०७ चा. नोंद छापायची आणि संरक्षणाची तजवीज मागाहून करायची, हा क्रम उलटा हवा होता. अभ्यास थांबवावा असं नव्हे. पण मोहिमेनंतर मुरपर्यंत सुमारे १२ वर्षं मिळाली होती. चर्चच्या मालकांशी खरेदीच्या प्रथम हक्काचे करार करायला तेवढा काळ पुरला असता. तसे करार हातात असते, तर १९१९ मध्ये घाईने उतरवण्याची वेळच कदाचित आली नसती.

दुसरा टप्पा खुद्द उतरवण्याचा. तो टाळता आला नसता, हे मी मान्य करतो. पण उतरवण्याआधी आणि नंतर भिंतीची तपशीलवार नोंद व्हायला हवी होती: गिलाव्याचे जोड कुठे आहेत, चित्रकाराने एका दिवसात किती भाग रंगवला, कोरून काढलेल्या रेषा कुठे आहेत, काय मागे राहिलं आहे. स्त्राप्पोत पृष्ठभागाचा उठाव जवळजवळ सपाट होतो आणि ही माहिती कापडावर येत नाही. ती भिंतीवरच होती, आणि भिंतीकडे पुढची कित्येक दशकं ‘रिकामी’ म्हणूनच पाहिलं गेलं. मग तिच्यावर प्रतिकृती चढली. हे नुकसान बाजाराने केलेलं नाही. ते बचाव करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं.

तिसरी गोष्ट कागदावरची. चित्रं किती काळासाठी नेली जात आहेत, परतीचा विचार कधी आणि कुणी करायचा, गावाचं त्यात म्हणणं काय, यातलं काहीच ठरलं नाही. खरेदी झाली, मालकी बदलली आणि विषय संपला. असं मोघम राहिलं की पुढे काय होतं, ते आरागोनमधल्या सिहेना मठाच्या प्रकरणात दिसतं आहे. १९३६ मध्ये तो मठ जळाला. त्यातून वाचलेली भित्तिचित्रं उतरवून बार्सिलोनाला आणली गेली. अनेक वर्षांच्या खटल्यानंतर मे २०२५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती परत द्या असा निकाल दिला. संग्रहालयाचं म्हणणं आहे की आगीत होरपळलेला तो नाजूक पापुद्रा पुन्हा हलवणं धोक्याचं आहे. दोन्ही बाजूंचं दुःख मला खरं वाटतं. सिहेनाचं आणि ताउलचं प्रकरण एक नाही, कारण ताउलची चित्रं जळालेल्या मठातून उचललेली नसून विकत घेतलेली आहेत. पण उतरवतानाच परतीबद्दल लेखी काही असतं, तर सिहेनाचा प्रश्न न्यायालयात इतका काळ रेंगाळला नसता.

ताउलच्या चित्रांनी आता बार्सिलोनाहून हलू नये, असं माझं मत आहे. केसिन-चुन्याने चिकटवलेली शंभर वर्षांची कापडं दमटपणातले चढउतार सोसत नाहीत, आणि १,५०० मीटरवरच्या दगडी चर्चमध्ये हिवाळा-उन्हाळ्यात ते कमालीचे असतात. संग्रहालयाच्या दालनात हवा आणि उजेड दोन्ही बांधून ठेवलेले आहेत. ख्रिस्ताच्या खालच्या खिडकीच्या जागी मात्र तिथे खिडकीचा केवळ आकार आहे, त्यातून सकाळ आत येत नाही. ती सकाळ पाहायला ताउललाच जावं लागतं. जाणार असाल तर बार्सिलोनाचं संग्रहालय आधी पाहा आणि मग खोऱ्यात चढा. चर्चमध्ये प्रक्षेपण संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. डोळे अंधाराला सरावले की भिंतीवर मागे राहिलेले रंग नीट दिसू लागतात.